बिऱ्हाड हलवताना: आधी माळा, मग टेम्पो

टेम्पो दारात उभा आहे. हमालाने माळ्यावरचं पितळी घंगाळ हातात धरलंय आणि खालून तीन माणसांची तीन उत्तरं येतायत: ‘घ्या’, ‘राहू द्या’, ‘मामाकडे देऊ’. घर बदलताना डोकं फिरतं ते अशा वेळी. उचलायला माणसं मिळतात, पण ठरवायचं काम घरच्यांनाच करावं लागतं आणि ते ऐन दिवशी होत नाही. म्हणून खोकी, टेप, सुतळी सगळं नंतर. चार खोल्यांचं भरलेलं घर असेल तर पाच आठवडे आधी, दोन खोल्यांचं असेल तर तीन आठवडे आधी ठरवाठरवीला बसायचं. रोज दोन तास पुरतात. एकाच रविवारी सगळं उपसायला गेलात तर संध्याकाळी जेवायला बसायलाही जागा राहत नाही आणि सगळं जसंच्या तसं पुन्हा माळ्यावर चढतं.

टेप घेऊन नव्या घरी जा

मोजायचं काय? मुख्य दार, आतली दारं (फ्लॅटमध्ये ती बहुधा अडीच-पावणेतीन फुटांची असतात), जिन्याचं वळण, लिफ्टची आतली खोली, फ्रिजची जागा आणि कूलर लावायची खिडकी. शेवटचं माप हमखास राहून जातं. पत्र्याचा कूलर जुन्या खिडकीला बेतून, स्टँडसकट करून घेतलेला असतो. नव्या घरात सरकती खिडकी निघते, तिची अर्धीच बाजू उघडते आणि कूलरचं तोंड तीत बसत नाही. हे मे महिन्यात, 42 अंशांत, सामान उतरवल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. वाड्यातला सागवानी पलंग सुटा होतो का तेही पाहून ठेवा. खुंट्या ठोकलेला पलंग सुटा होत नाही आणि जिन्याच्या वळणावर अडकतो.

त्याच फेरीत शेजाऱ्यांना पाण्याचं विचारून घ्या. नळ किती दिवसांआड येतो, किती वेळ असतो, खालची टाकी केवढी, बोअरला उन्हाळ्यात पाणी राहतं का. घरमालकापेक्षा शेजारी खरं सांगतात. ‘फ्लॅटमध्ये कशाला लागतात’ म्हणून दोनशे लिटरचे ड्रम आधीच विकून टाकू नका. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते विसरण्याइतकं जुनं नाही. निदान एक ड्रम, दोन हंडे आणि दोन झाकणाच्या बादल्या सोबत न्यायच्याच.

कायमचं की दोन वर्षांचं?

पोराच्या अकरावी-बारावीसाठी आणि नीटच्या क्लाससाठी लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरला खोली करणारी घरं पुष्कळ. तिथे आईबरोबर निम्मं घर निघतं आणि दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा उरत नाही. दोन वर्षांच्या बिऱ्हाडाला माणशी दोन ताटं, एक कुकर, एक कढई, एक तवा, दोन पातेली, माणशी एक गादी, एक टेबल आणि एक कूलर बास. दिवाळीला गावी जाणारच असाल तर हिवाळ्याचं अंथरूण तेव्हा आणता येतं. खाली लिहिलेलं बरंचसं घर कायमचं हलवणाऱ्यांसाठी आहे.

माळ्यावरून सुरुवात

सुरुवात फोटोंपासून किंवा आईच्या साड्यांपासून करू नका, पहिल्याच दिवशी दोन तास आठवणींत जातात. माळ्यावर वर्षानुवर्षं हात न लागलेलं असतं, तिथे निर्णय सोपे जातात आणि पुढच्या कामाला हात बसतो. चार ढीग करा: न्यायचं, द्यायचं, मोडीत, कचरा. ज्याचं ठरतच नाही त्यासाठी एकच खोकं ठेवा. ते भरलं की दुसरं मिळणार नाही, हा नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

माळ्यावर पितळ-तांबं निघतंच. घंगाळ, बंब, तपेली, पराती, पन्नास माणसांच्या स्वयंपाकाची पातेली. घरची लग्नं दारात होत तेव्हा ही भांडी लागत. आता कार्यालयवाला आणि आचारी आपली भांडी घेऊन येतात, म्हणजे ती जपून ठेवण्याचं मूळ कारणच गेलं. तरी सरसकट मोडीत घालू नका. भांडं पालथं करून काठाजवळ बघा, ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव असतं: आजीचं, आहेर देणाऱ्याचं, कधी सालही. नावाप्रमाणे भांडी मांडा आणि प्रत्येक नावाचं एक भांडं ठेवा. त्यातही लहान, रोज वापरात येईल असं निवडा. तांब्या, गडवा, छोटी परात. कल्हई गेलेलं पितळ आंबट पदार्थाला चालत नाही, तेव्हा वापरायचं म्हणून ठेवणार असाल तर कल्हई करून घेण्याचीही तयारी ठेवा.

मोडीत द्यायच्या आधी तांबं, पितळ, कासं, जर्मन (म्हणजे अ‍ॅल्युमिनियम), लोखंड वेगळं करा. एकत्र दिलंत तर दुकानदार स्वस्त धातूचा भाव सगळ्याला लावतो. लोखंडी कड्या, लाकडी मुठी काढून टाका, नाहीतर ‘घट’ म्हणून अंदाजाने जास्त वजन कापलं जातं. घरी साध्या काट्यावर वजन करून कागदावर लिहा आणि दोन दुकानांत भाव विचारा. दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला रद्दी, पत्रा, प्लास्टिक द्यायला हरकत नाही, तांब्या-पितळेला मात्र भांड्यांच्या बाजारातच जावं. जुन्या साड्या, पँटी बोहारणीला. पण त्या बदल्यात मिळणारं स्टीलचं पातेलं ही घरात आलेली आणखी एक वस्तू आहे, तेव्हा एकच मोठं, लागणारं भांडं मागा.

जातं, पाटा-वरवंटा, उखळ यांचं आधीच ठरवा. गावात कुणाचं घर असेल तर जातं तिथे शोभतं. चौथ्या मजल्यावर ते चढवायचे हमाल वेगळे पैसे मागतात आणि एकदा गॅलरीत बसलं की तिथून हलत नाही.

कागद: इथे हात आखडता घ्या

कचरा काढायच्या भरात सर्वांत मोठं नुकसान कागदांचं होतं, आणि मराठवाड्यात ते जास्तच होतं. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे ट्रंकेच्या तळाशी उर्दूत किंवा मोडी लिपीत लिहिलेले पिवळे कागद सापडतात. वाचता येत नाहीत म्हणून ते रद्दीत जातात, आणि तोच कागद पुढे नातवाच्या जात पडताळणीला लागतो. पडताळणीत अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचा पुरावा मोलाचा. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून तर असे कागद लोक शोधत फिरतायत. आजोबांच्या शाळेचा दाखला, जुना फेरफार, खासरापत्रक (जमिनीची जुनी नोंद), शिक्क्याचा स्टँप पेपर, काहीही असो, वाचून घेतल्याशिवाय टाकायचं नाही. मोडी आणि उर्दू वाचणारे जाणकार जिल्ह्याच्या ठिकाणी भेटतात.

असे कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टीही लावू नका. गोंदाने शाई उमटते आणि पुढे तो कागद निघत नाही. आधी मोबाइलवर दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मग घडी न घालता जाड पुठ्ठ्यात ठेवा. सातबारा, आठ-अ, खरेदीखत, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, टीसी, गुणपत्रिका, पासबुकं, विम्याचे कागद यांची एक पिशवी करा. ही पिशवी टेम्पोत जात नाही, माणसाच्या खांद्यावर जाते. सोनं, पैठणी आणि देवांचे टाकही तिच्याबरोबर. टाक लाल कापडात, तांदळात ठेवून नेतात. त्यामुळे ते एकमेकांवर घासतही नाहीत.

आता टाकायचं काय: जुनी वीजबिलं, हमी संपलेल्या मिक्सरची पुस्तकं, लग्नपत्रिकांचा गठ्ठा, पाच वर्षांपूर्वीचे रिचार्जचे कागद. आधारच्या झेरॉक्स आणि बँकेची पत्रं रद्दीत अख्खी देऊ नका, फाडून द्या.

धान्य आणि वाकळी

न्यायचं धान्य वाढवायचंच नाही. जायच्या दोन महिने आधीपासून पोतं नवं घ्यायचं थांबवा, डब्यातली डाळ संपवा. ज्वारी, तूर न्यावीच लागली तर आधी उन्हात घाला आणि संध्याकाळी पूर्ण गार झाल्यावरच पोत्यात भरा. गरम धान्य बांधलं की आत घाम धरतं आणि महिन्याभरात सोंडे दिसायला लागतात. किडलेलं पोतं नव्या घरात नेऊन चांगल्या पोत्याशेजारी ठेवलं तर दोन्ही गेली. पत्र्याची कोठी भरलेली उचलू नये, कड्या उखडतात आणि तळाला पोचे पडतात. ती रिकामी करा आणि तिच्यात उशा, चादरी भरा. स्वच्छ कोरडे ड्रमही असेच वापरता येतात. एका दोनशे लिटरच्या ड्रमात दोन-तीन वाकळी सहज बसतात.

वाकळी मोजा. माणशी दोन आणि पाहुण्यांसाठी चार, एवढ्या पुरतात. एकेका घरात वीस निघतात. उन्हाळ्यात हलवत असाल तर धुऊन वाळवूनच बांधा, दिवसभरात वाळतात. ओलसर बांधली तर वास बसतो. फाटकी वाकळ टाकू नका, फ्रिज आणि कपाटाच्या आरशाभोवती गुंडाळायला तिच्याइतकं चांगलं काही नाही.

लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर प्लास्टिकचा कागद, त्यावर झाकण, त्यावर कापड, मग सुतळी. बरणी बादलीत उभी ठेवायची आणि भोवती चिंध्या दाबायच्या. पापड, कुरडया पत्र्याच्या डब्यात, आणि तो डबा सगळ्यांच्या वर.

घरातली मोठी माणसं

सासूबाईंना किंवा वडिलांना ‘हे टाकायचं का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘नाही’च येणार. ‘हे कुणाला द्यायचं?’ असं विचारा. हातून दिलेली वस्तू त्यांना टाकल्यासारखी वाटत नाही, आणि कुणाला काय शोभेल हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. त्यांची एक पेटी मात्र कुणी उघडायची नाही, ती जशीच्या तशी जाईल असं पहिल्याच दिवशी सांगून टाका. पेटी सुरक्षित आहे हे कळलं की बाकीच्या सामानावरची पकड सैल होते. नव्या घरात त्यांची खाट कुठे असेल, संडास किती लांब, देवघर कोणत्या भिंतीला, हे आधी दाखवून आणता आलं तर त्यांची झोप उडत नाही. लहान मुलांना त्यांची एक पिशवी त्यांनाच भरू द्या. काय भरतील ते भरतील.

गॅस, वीज, शाळा

गाव बदलत असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करून कनेक्शन बंद केल्याचं व्हाउचर आणि अनामत परत घ्यायची. नव्या गावी ते व्हाउचर दाखवून, त्या वेळच्या दराने अनामत भरून कनेक्शन मिळतं. त्याच शहरात हलत असाल तर एजन्सीत पत्ता बदलून किंवा कनेक्शन वर्ग करून भागतं. मूळ कागद सापडत नाही म्हणून हे काम अडतं, तेव्हा तो आधी शोधा. नळीवर छापलेलं साल पाहा. पाच वर्षं झाली असतील तर नवीच घ्या.

जुन्या आणि नव्या, दोन्ही घरांच्या मीटरचा त्या दिवशीचा रीडिंगसकट फोटो काढा, महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांक लिहून ठेवा. मागच्या भाडेकरूचं थकलेलं बिल आपल्या माथी येतं ते या एका फोटोअभावी. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत करून घ्या. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी घरमालकावर आहे. पत्ता आधी आधारवर बदला, बाकीचे त्यावरून होतात. मतदार यादीसाठी फॉर्म 8. रेशनचं धान्य कुठल्याही गावच्या दुकानात मिळतं, त्यामुळे कार्डाची घाई नाही. आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश टीसी उशिरा आली म्हणून शाळेला रोखता येत नाही. तरी टीसीचा अर्ज मे महिन्यातच देऊन टाका, सुट्टीत क्लार्क भेटत नाहीत.

यंत्रं

फ्रिज एक दिवस आधी बंद करून बर्फ वितळवा, पुसून दार उघडं ठेवा, निघताना दोरीने बांधा. तो उभाच न्यायचा. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं, आणि लगेच चालू केला तर कॉम्प्रेसर जातो. उभा नेला तरी पोचल्यावर तीन-चार तास थांबा, आडवा नेला असेल तर पूर्ण दिवस. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनला मागे मूळचे ट्रान्झिट बोल्ट लावल्याशिवाय हलवू नका, ड्रम आपटून बेअरिंग जातं. बोल्ट हरवले असतील तर मेकॅनिकला विचारा.

इन्व्हर्टरची बॅटरी उभीच, दोन माणसांनी उचलायची, टोकांना टेप लावायची. कपड्यांच्या गाठोड्याशेजारी ती ठेवली तर आम्लाचे थेंब साड्यांना भोकं पाडतात आणि ते धुतल्यावर कळतं. कूलरचं पाणी काढा, पंप वेगळा बांधा, गवताच्या जुन्या जाळ्या फेकून द्या. त्या नेल्या तर धूळ आणि कुबट वास आयता नव्या घरात येतो.

बांधाबांध आणि टेम्पो

किराणा दुकानातून मध्यम खोकी आणा. एका माणसाला एकट्याने उचलता आलं पाहिजे, पंधरा किलोच्या वर नको. पुस्तकं लहान खोक्यांत, अर्धी पुस्तकं आणि वर टॉवेल. खोक्यावर वस्तूंची नावं लिहीत बसू नका. नंबर आणि खोली लिहा, ‘17, स्वयंपाकघर’ असं, आणि तेही दोन बाजूंना. वरच्या झाकणावर लिहिलेलं रचल्यावर दिसत नाही. आत काय आहे ते वहीत. उतरवताना नंबर टिपत गेलं की कुठलं खोकं राहिलं ते ड्रायव्हर निघायच्या आत कळतं. पलंगाचे स्क्रू पिशवीत घालून त्याच पलंगाच्या पाटीला टेपने चिकटवा. कपाट बांधताना किल्ली कुलपातच किंवा कपाटातच राहते, ती आधी खिशात घ्या.

छोट्या हत्तीचा हौदा सुमारे सात फूट लांब आणि पेलतो पाऊण टन. एका खोलीचं बिऱ्हाड त्यात जातं, तीन खोल्यांना 407 किंवा आयशरसारखा मोठा टेम्पो लागतो. दोन खेपा करू म्हणून लहान गाडी घेतली की दुसरी खेप दुपारच्या उन्हात येते. बोलणी करताना मजला, लिफ्ट, हमाल किती, टोल कुणाचा, थांबल्याचे पैसे, सगळं मोबाइलवर मेसेज करून ठेवा. पौषात आणि पितृपक्षात सहसा कुणी घर बदलत नाही, तुम्हाला अडचण नसेल तर तेव्हा गाड्या सहज मिळतात.

मे-जूनमध्ये पहाटे साडेपाचला भरायला सुरुवात, नऊच्या आत गाडी सुटली पाहिजे. पाटा, धान्य, कपाट केबिनकडे, फ्रिज त्यामागे उभा, गाद्या बाजूला, हलकं वर. मृगाचं आभाळ असेल तर ताडपत्री आधी अंथरा, मग सामान.

जेवण आदल्या रात्रीच करून ठेवा: धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. धपाटे पूर्ण गार करून बांधा, गरम बांधले तर घाम धरून दुसऱ्या दिवशी चिकट होतात. पहिल्या रात्रीच्या पिशवीत चार्जर, गोळ्या, बॅटरी, साबण, एक जोड कपडे, पकड-स्क्रूड्रायव्हर, डास अगरबत्ती, चहा-साखर, पाच लिटर पाणी.

पोचल्यावर

देव आणि पाण्याचा कळश आत गेला, दूध उतू घातलं की पहिलं काम अंथरुणाचं. सगळ्यांच्या गाद्या, पंखा आणि कूलर संध्याकाळच्या आत लावा, मग न्हाणीघर, मग गॅसची शेगडी. बाकीची खोकी आठ दिवस तशीच राहिली तरी बिघडत नाही. कपाटाचं दार लागत नसेल तर सुताराला बोलवायच्या आधी एका पायाखाली दुमडलेला पुठ्ठा सरकवून पाहा, फरशीला उतार असतो.

‘ठरत नाही’च्या खोक्यावर तारीख टाका आणि दिवाळीपर्यंत ते उघडावं लागलं नाही तर आत न बघता देऊन टाका. रिकामी खोकी मात्र दिवाळीपर्यंत ठेवू नका. जमिनीला टेकलेल्या पुठ्ठ्याला पावसाळ्यात वाळवी लागते आणि ती तिथून चौकटीत शिरते. फक्त टीव्हीचं खोकं, ते माळ्यावर.